बटणाएवढा ठिपका

तिसऱ्यांदा अहवाल परत आला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो टेबलावर आपटला. "ठिपक्याचा रंग स्पष्ट कळत नाही." एवढं एकच वाक्य, आणि खाली अन्न निरीक्षकसाहेबांची सही.

चार वर्षं हाडाची काडं करून बाईंनी ती पट्टी केली होती. कागदावर बटणाएवढा ठिपका, त्यावर सरबताचा एक थेंब. ठिपका फिकट हिरवा पडला तर माल चोख, फिकट गुलाबी पडला तर कृत्रिम रंग. यंत्र नको, वीज नको. पाकिटावर बाईंनी मोठ्या हौसेनं छापलं होतं, 'फक्त डोळे पुरेत.' आता महिनाअखेरपर्यंत साहेबांनी होकार दिला नाही, तर सगळं कपाटात जाणार होतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"बोलवा त्यांना. माझ्यासमोर करू देत."

साहेब आले. माणूस साधा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बाईंनी दोन बाटल्या पुढे केल्या. एकीत बिटाचा रस, दुसरीत दुकानातलं लालभडक सरबत. साहेबांनी थेंब नेमके टाकले. ठिपके उमटले. कुठला गुलाबी नि कुठला हिरवा, ते मावशींना मोरीपासून दिसत होतं.

"सांगा, साहेब."

साहेबांनी पट्ट्या खिडकीशी नेल्या, तिरप्या धरल्या, आणि मग बघितलं ते बाईंच्या तोंडाकडे. "हा... चोख?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"नाही नाही, हा नव्हे. तो!"

"थट्टा करता का माझी? अहो, आंधळ्यालासुद्धा..." बोलता बोलता बाईंची जीभ अडखळली.

मावशींनी नळ बंद केला.

"जन्मापासूनचं आहे," साहेब हळूच म्हणाले. "हे दोन्ही मला राखाडीच. तीस वर्षं दुकानदाराच्या चेहऱ्यावर काढली. नमुना उचलला की चोर घाम पुसतो. पुढचं मोठी प्रयोगशाळा बघते. तुमची पट्टी काही घाम पुसत नाही, बाई."

मावशींना फिसकन हसू आलं. बाईंना नाही. "मग तीनदा पट्टीला बोल का लावलात?"

"खरं लिहिलं तर उद्यापासून फायलींची धूळ झटकायची."

बाईंचा राग भरून आला, पण ओतायचा कुणावर? ह्या माणसाला डोळे देवानंच तसे दिलेले. आणि आपण? चार वर्षांत शेकड्यांनी सरबतं तपासली, पण बघणारे डोळे एकाच बाईचे! त्यांनी पेन उचलून पाकिटावरचं ते लाडकं वाक्य असं खोडलं की कागद फाटला.

"काळं-पांढरं तरी दिसतं ना?"

"उत्तम दिसतं."

"मग महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत, तोवर चौथा अहवाल लिहू नका. भेसळ असली की ठिपका काळाठिक्कर पडेल असं काहीतरी करते. कसं, ते मलाही ठाऊक नाही अजून. मावशी, सगळ्या बाटल्या काढा परत."

"अगं बाई! आत्ता तर पुसून ठेवल्या!"