खाट कार्डातच राहिली

टेपचा जमाना असता, तर साधनाचा जीव असा टांगणीला लागला नसता. टेप फिरताना दिसायची, तिची घरघर ऐकू यायची. शूटिंग जेवढं लांब, तेवढाच वेळ ते संगणकात उतरायला लागायचा, आणि पडद्यावर आलं म्हणजे आतही आलंच. बाळंतपणाची रजा संपवून ती चंद्रपूरच्या त्या लहानशा केबल चॅनेलमध्ये बातम्यांच्या संकलनाला परतली, तर टेपा अडगळीत गेलेल्या. आता कॅमेऱ्यात आगपेटीहून लहान कार्ड. मालक राजदीपभाऊ म्हणाले होते, "महिनाभर पाहू. जमलं तं ठेवू."

दुपारी कॅमेरामन निकेश गडचिरोलीकडून शूटिंग घेऊन आला. नाल्याला पूर, आणि कळा सुटलेल्या रंभाला खाटेवर घालून चौघे जण छातीभर पाण्यातून नेताहेत.

"पोरगी झाली ताई, काठावरच."

"बरी आहेत दोघी?"

"बऱ्या हायेत. तिचा नवरा म्हणे, टीव्हीवर दिसलं तं पूल होईन."

साधनानं कार्ड संगणकाला लावून बटण दाबलं. चित्रं क्षणात पडद्यावर ओळीनं लागली.

"झालं?"

"झालं."

निकेश कार्ड घेऊन वरोऱ्याला गेला. तिथं एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं.

संध्याकाळच्या बातमीसाठी तिनं खाटेचं दृश्य चालवलं, आणि पडदा लालभडक झाला. दृश्यांची नावं होती, चित्र नव्हतं. वायर हलवून पाहिली. मग तिच्या लक्षात आलं. संगणकानं फक्त शूटिंग कुठं आहे एवढंच टिपून ठेवलं होतं. शूटिंग कार्डातच राहिलं होतं. कार्ड भरलेलं, नवीन शूटिंगआधी निकेश ते पुसणार.

त्याचा फोन वाजत राहिला. मध्येच शेजारच्या आशाबाईंचा आला. बाळ सकाळपासून त्यांच्याकडे, अंग जरा कोमट. साधनानं तो कापला. पुन्हा निकेशला लावला.

"काऊन घंटीवर घंटी देऊन राह्यल्या, ताई?"

"कार्ड पुसलं?"

"पुसूनच राह्यलो. पाहुणे उतरले."

"पुसू नको! खाट त्यातच आहे. माझ्याकडे काहीच आलं नाही."

पलीकडे बँड वाजत होता.

"मंग इथी कशात शूट करू? दुसरं कार्ड नाई न. दुकानवाला वरबापासारखा उभा हाये!"

"कार्ड खिशात घाल आणि परत ये."

"भाऊ मले हाकलन."

"भाऊंना मी सांगते."

सांगावं लागलं नाही. राजदीपभाऊ दारातच होते.

"त्या साडीवाल्याची सालभराची जाहिरात गेली समज."

"चूक माझी आहे, भाऊ."

"मले दिसते. उद्या यायचं का नाई, ते बातमी पाहून सांगतो."

ते आत गेले. त्यांचा फोन खणखणू लागला.

तिनं आशाबाईंना फोन लावला.

"ताप नाई न काही, बाई! तेच सांगाले फोन केला, तं तू कापून टाकला."

"फोन बाळाच्या तोंडाजवळ धरा जरा."

श्वास ऐकू आला. तिनं तो बराच वेळ ऐकला.

निकेश चिखलानं माखून आला. या वेळी तिनं सगळं संगणकात उतरवलं. हिरवी पट्टी सरकत होती, तिनं नजर हलवली नाही. मग कार्ड काढून मुठीत धरलं आणि दृश्य चालवलं. छातीभर पाणी, खांद्यावर खाट, खाटेची कड घट्ट पकडलेला रंभाचा हात. तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

आतून भाऊंचा आवाज येत होता, "हो शेठ, आमच्या बाईकडून झालं..."

"कार्ड द्या न, ताई," निकेश म्हणाला.

तिनं मूठ उघडली नाही.

"बातमी जाऊ दे आधी."