काटा खाली येतो

स्नेहानं हात पुसले आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच दणक्यात सुरू झालं, शेडचे पत्रे थरथरले आणि तेलाच्या दाबाच्या डायलमधला काटा उडी मारून चारवर जाऊन बसला. ती गाडीच्या खिडकीतून आत वाकून काट्याकडे बघत राहिली.

“गार हाय तवर समदेच शहाणे,” दारातल्या खुर्चीवरून भिमाबाई म्हणाली. “तापू दे जरा.”

तापलं. पुढचा पंखा फिरायला लागला तसा काटा घसरू लागला. तीन. दोन. मग एकाच्याही खाली गेला, लाल दिवा फडफडला आणि इंजिनच्या पोटातून बारीक आवाज आला, टक टक, टक टक.

भिमाबाई खुर्चीतून अर्धी उठली. मग काही झालंच नाही अशी पदर सारखा करून परत बसली.

स्नेहानं झटकन किल्ली बंद केली. दाब नसताना इंजिन चालवणं म्हणजे हाडावर हाड घासणं. हे सनीचं, तिच्या नवऱ्याचं बोलणं. शेडच्या भिंतीवर त्याच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं अजून होतं, ‘तेल आधी. बाकी सगळं नंतर.’ रंगवाला आला तेव्हा भिमाबाईनं त्याला तेवढी भिंत सोडून बाकीची रंगवायला लावली होती.

“माझ्या लेकानं बांधलं असतं तर असं रडलं नसतं,” ती म्हणाली.

स्नेहा बोलली नाही. सुनेचं हे न बोलणं भिमाबाईला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

गाडी गंगापूर रोडच्या सुयशची. रॅलीत पळवायची गाडी, तिचं इंजिन सनीनं जास्तीच्या ताकदीसाठी खोललं होतं. बोअरिंग करून, धुऊन इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मधला ओतीव सांगाडा, कारखान्यातून परत आला, स्टँडवर चढला, आणि दुसऱ्या दिवशी सनी एका व्यापाऱ्याचा टेम्पो बंद पडला म्हणून मोटरसायकलवर लासलगावला गेला. संध्याकाळी ‘निघालो’ म्हणून फोन आला. विंचूरच्या अलीकडं रस्त्यात एक ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. त्याला सव्वा वर्ष झालं.

वर्षभर ब्लॉक तसाच उघडा पडून होता. सहा वर्षं नवऱ्याच्या हातात पाने दिले, तेवढ्या शिदोरीवर आणि त्याच्या वहीवर स्नेहानं तीन महिन्यांपूर्वी तो बांधायला घेतला. सुयश थांबला, दुसरा कुणी थांबला नसता. पण आज तो येऊन गेला होता.

“वहिनी, शनिवारी दुपारी गाडी तपासणीला उभी करायची आहे,” जमिनीकडे बघत तो म्हणाला होता. “नाही जमलं तर मी पुण्याला नेतो. राग मानू नका.”

तो गेल्यावर भिमाबाईनं निकाल देऊन टाकला.

“शनिवारी काटा उभा राहिला नाय तर ही शेड फरशीवाल्याला भाड्यानं देती मी. बाईनं गॅरेज चालवायचं म्हंजे लोकांना तमाशा. तुझ्या भावाला फोन लाव. सायखेड्याहून येईल, घिऊन जाईल.”

“लावलाय,” स्नेहा म्हणाली. “शनिवारी सकाळी येतोय.”



त्याच संध्याकाळी स्नेहानं दुसरं डायल जोडून पाहिलं. काटा तसाच. तेल काढून जाड तेल भरलं. काटा पाच मिनिटं उशिरा आला, पण खाली आलाच. बुधवारी तिनं खालचं चेंबर उतरवलं. तेल ओढणारी जाळी स्वच्छ, पंपाची स्प्रिंग धड. बेअरिंगमधली फट तिनं तीनदा मोजली आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली. बरोबर निघाली.

“बरोबर?” भिमाबाईनं विचारलं.

“बरोबर आहे, आई.”

“मग काय चूक हाय?”

“तेच बघतेय.”

एकेक गोष्ट बरोबर निघत गेली तशी भिमाबाई खुर्चीत ठरेनाशी झाली. उठून गाडीपाशी जायची, वाकून बघायची, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत काहीतरी मोजायची आणि परत यायची. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी मातीचं घर बांधत होती. भिमाबाईनं झाडूच्या बुडख्यानं ते फोडलं. फुटल्यावरही बराच वेळ ठेचत राहिली.

“एवढं काय तिच्यावर?” स्नेहानं विचारलं.

“भोक दिसलं की मातीनं बुजवती रांड. कुलपाचं म्हणू नको, नळाचं म्हणू नको.”

दाराच्या मागं एक खिळा होता, रिकामा. सनी निघाला त्या दिवशी त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट त्यावर होता. अंगातला काढून, धुतलेला घालून तो गेला होता. पंधरा दिवसांनी स्नेहा त्या खिळ्यापुढं उभी राहून म्हणाली होती, “आई, शर्ट कुठंय यांचा?” आणि भिमाबाई म्हणाली होती, “मला काय विचारती? भांडीवालीला घातला असशील तूच, एका पातेल्यापायी.” नंतर घरी आलेल्या प्रत्येक बाईला तिनं हे सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना आवाजही बदलायचा नाही.

गुरुवारी स्नेहानं सगळं परत बसवलं आणि दोन डायल लावली. एक पंपाच्या तोंडाशी, दुसरं तेल इंजिनभर वाटलं जातं तिथं. इंजिन तापलं. मग टक टक सुरू झालं.

उशीर झाला की सनी असंच करायचा. कडी वाजवायचा नाही, पत्र्यावर नखानं दोनदा, मग दोनदा. भिमाबाईनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

स्नेहानं इंजिन बंद केलं. दोन्ही काटे पडायच्या आत तिनं पाहून घेतलं होतं.

“पंपाशी साडेचार आहे,” ती हळू म्हणाली, भिमाबाईला नव्हे, भिंतीवरच्या अक्षरांना सांगावं तशी. “पुढं एक पण नाही. तेल निघतंय. पोचत नाही.”

भिमाबाई उठली आणि मागच्या घरात गेली.

स्नेहानं साखळी लावली आणि इंजिन उतरवायला घेतलं. मधे कुठंतरी वाट अडली होती. ब्लॉकच्या पोटात तेलाच्या वाटा झाडाच्या मुळ्यांसारख्या. सगळ्या उघडून, तार घालून शोधायच्या म्हणजे चार दिवस. हातात दीड होता. बांधायच्या आधी तिनं प्रत्येक भोकात हवा मारली होती. दुसऱ्या टोकाला तळहात धरला, फुंकर लागली, तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. तारेनं पाहायला हवं होतं. सनीनं पाहिलं असतं.

इंजिन साखळीवर लोंबत होतं तेव्हा भिमाबाई परत आली. खुर्चीकडं गेली नाही. पायात चपला नव्हत्या.

“समदं नको चाळू,” ती म्हणाली. “मागल्या अंगाला बघ. वरून दुसरं.”

स्नेहानं वळून पाहिलं.

“तिथं बारकं भोक हाय, तिरकं. आत काय घातलं की दिसत नाय.” भिमाबाई इंजिनकडं बघत बोलत होती. “उघडं पडलं व्हतं ते. कुंभारीण घिरट्या घालायची रोज. त्याचं काम मातीनं बुजलं असतं. मग मी बोळे करून घातले. सोच्छ कापड पाहिजे म्हणायचा तो, सुतं सुटणारं नको. घरात दुसरं चांगलं कापड नव्हतं.”

घरात कापडं पुष्कळ होती. दोघींना ते ठाऊक होतं.

स्नेहानं मागचा बूच उघडला. तारेचं टोक वाकवून आकडा केला, आत सारला, फिरवला. बोळा बाहेर आला तो काळा, तेलानं टम्म फुगलेला. तिनं तो दोन बोटांत पिळला. काळ्यातून निळी चौकड दिसली.

बाहेर अंबड लिंक रोडवरून एक कंटेनर गेला, पत्रे हलले.

“सात घातले व्हते,” भिमाबाई म्हणाली. “मोजून.”

स्नेहा पाने ठेवायच्या कपाटापाशी गेली. वरच्या फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढून तिनं झाकण उघडलं आणि तो सासूपुढं धरला. आत सहा बोळे होते. धुतलेले, वाळवलेले, उलगडून इस्त्री केल्यासारखे एकावर एक ठेवलेले. वरच्यावर बटणाचं एक काज होतं.

“मला वाटलं सहाच आहेत,” ती म्हणाली.

भिमाबाईनं मनात महिने मोजले. तीन महिने. या तीन महिन्यांत ती भांडीवालीचं पातेलं किती वेळा बोलली होती. हिच्या नणंदेसमोर, सुयशसमोर, परवा दूधवाल्यासमोर. आणि दर वेळी ही खाली मान घालून नट आवळत बसली होती.

“बोलली का नाय?” तिनं विचारलं.

“तुम्ही कुठं बोललात?”

शनिवारी सकाळी नऊला स्नेहाचा भाऊ समाधान आला, तेव्हा इंजिन गाडीत बसून तापत होतं. तो बॅग न्यायला म्हणून पिकअप घेऊन आला होता.

“जय भीम, मावशी. ताई तयार हाय का?”

“जय भीम. बस. चहा घे आन् जा,” भिमाबाई म्हणाली. “ती कामात हाय.”

“पण ती फोनवर तर...”

“जोरात बोलू नको. इंजिन ऐकू येत नाय मला.”

पुढचा पंखा फिरायला लागला. काटा चारवरून साडेतीनला आला, तिथून तीनला, आणि थांबला. स्नेहानं डायलच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. हलला नाही. तिनं डोळे मिटले आणि कपाळ गाडीच्या टपाला टेकवलं.

भिमाबाई उठून बोनेटपाशी आली. मान तिरकी करून, कान इंजिनाशी नेऊन उभी राहिली. एकसारखी, गुळगुळीत घरघर. तिच्यात ते टक टक कुठंच नव्हतं.

स्नेहानं किल्लीकडं हात नेला.

“राहू दे,” भिमाबाई म्हणाली. “थोडा वेळ चालू राहू दे.”

पंखा थांबला, परत फिरला. ती तशीच वाकून ऐकत होती.