मागे पळणारा क्रेफिश

चाळीस वर्षं मी एका साप्ताहिकात लोकांच्या खोटेपणाची टिंगल करून पोट भरलं. आता निवृत्त आहे. म्हणजे खोटेपणा चालू आहे, टिंगल तेवढी बंद आहे. शारजाला अल नहदात लेकीकडे राहतो, एकविसाव्या मजल्यावर.

गेल्या सप्टेंबरात आमच्या टॉवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिफ्टबद्दल दोन ओळी टाकल्या. तीन लिफ्टपैकी दोन ध्यानाला बसल्या आहेत आणि तिसरीला वैराग्य आलं आहे, असं काहीसं. मॅनेजमेंटनं त्यावर गांभीर्यानं लेखी खुलासा पाठवला आणि गैरसोयीबद्दल क्षमा मागितली. आपल्या विनोदावर कुणी क्षमा मागितली की माणसानं समजून घ्यावं, आपले दिवस संपले.

माझी लेक स्वप्नाली म्हणाली, "बाबा, प्लीज. आमचं रेंट रिन्यूअल आहे. कुणाला काही लागणार नाही असं काहीतरी करा ना. हातानं."

म्हणून मी शनिवारी सकाळी बाबाजीच्या क्लासला जाऊ लागलो.

बाबाजी मूळचा वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं न्यूझीलंडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि तिथं ट्राउट मासा गळाला लावायचं वेड घेऊन इकडे आला. आमच्याच रस्त्यावर त्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. ट्राउटला बर्फासारखं थंड वाहतं पाणी लागतं. इथं तो फक्त हायपरमार्केटात भेटतो, बर्फावर झोपलेला. पण बाबाजीला त्याचं काही नाही. दर शनिवारी दुकानाच्या मागच्या खोलीत तो आम्हा सहासात रिकामटेकड्यांना फ्लाय बांधायला शिकवायचा. फ्लाय म्हणजे पिसं, लोकर, दोरा असलं काहीबाही गळावर बांधून केलेला खोटा किडा. खरा समजून मासा त्याला तोंड घालतो. हा धंदा मला ओळखीचा वाटला.

तिसऱ्या शनिवारी बाबाजीनं क्रेफिश बांधायला सांगितला. क्रेफिश म्हणजे नदीतली बोटभर शेवंड. दोन नांग्या, मिश्या, खाली वळलेली शेपटी. मोठा ट्राउट दगडांच्या कपारीत तेवढ्यासाठीच फिरतो म्हणे.

"यूट्यूब बघायचं नाही," बाबाजी म्हणाला. "आपल्या डोक्यानं बांधायचा. नेक्स्ट सॅटर्डे सबमिशन. मी प्रत्येक बॅचला हे देतो आणि प्रत्येक बॅच नापास होते, सो नो टेन्शन."

मी घरी बसून बांधला. नांग्या पुढे, शेपटी मागे, जसा कुठलाही शहाणा प्राणी असतो तसा. दोरा सुटायचा. माझा डावा हात जरा थरथरतो, त्याचा दोष मी दोऱ्याला दिला. शेवटी तो गोळा खिशात टाकून रस्ता ओलांडला. आमच्याकडून मोठा रस्ता ओलांडला की शारजा संपून दुबई लागते, अल कुसैस. तिथं खैरुद्दीनचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे मालक दुसराच, मशीनवर खैरुद्दीन. जयगडचा माणूस, पन्नाशीचा, बाप दर्यावर जायचा. माझ्या पँटी कमरेला सैल होत चालल्या आहेत आणि तो त्या निमूटपणे आत घेतो, इतकी आमची ओळख.

"ह्याला जरा टाका मार," मी म्हटलं.

त्यानं तो गोळा चष्मा वर करून पाहिला. "काका, ही शेवंड हाय काय?"

"तिची नदीतली बहीण."

"मग ही उलटी हाय."

"उलटी कशी? तोंड पुढं आहे."

"चरताना तोंड पुढं. पण कुणी खायला आलं की शेवंड तोंड पुढं करून पळते काय? शेपटी मारते आणि सपकन मागं जाते. नांग्या तुमच्याकडं, पळणं तिकडं." त्यानं हाताचा पंजा मिटून झटकन मागे नेऊन दाखवला. "दोरी तुम्ही ज्या बाजूनं ओढणार, तिकडं शेपटी पाहिजे. नायतर मासा म्हणेल, ही बया माझ्या अंगावर का येते?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं गळ मशीनच्या दाबपट्टीखाली अडकवला आणि माझ्यासमोर बांधायला घेतला. तपकिरी लोकर अंगाला. नवरीच्या कपड्यातून उरलेल्या जरीच्या तारेचे वेढे, म्हणजे शेपटीचे कप्पे दिसावेत. कोंबड्याच्या पिसांच्या दोन नांग्या, गळाच्या वाकाकडे. दोरी बांधायच्या भोकाजवळ दोन जड काळे मणी, अशा बाजूनं की पाण्यात गळ उताणा होऊन टोक वर राहील. "तळाला दगड असणार. टोक खाली ठेवलं तर दगडच पकडाल." वीस मिनिटांत तो प्राणी माझ्या तळहातावर होता आणि मी हात जरा लांब धरला होता.

शनिवारी टेबलावर सात क्रेफिश मांडले गेले. सहा तोंड पुढे करून ट्राउटच्या अंगावर धावून जात होते. बाबाजी सातव्यापाशी थांबला.

"हा कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. इथपर्यंत ते खरं होतं. खिशातून मीच काढला होता.

"काका, तीन वर्षं क्लास घेतोय. मागे पळणारा कोणी बांधला नाही. हे तुम्हाला सुचलं कसं?"

आता इथं एक वाक्य पुरलं असतं. अल कुसैसचा खैरुद्दीन, चार शब्दसुद्धा नाहीत. पण लिहिणं थांबल्याला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत मला कुणी, हे सुचलं कसं, असं विचारलं नव्हतं. विचारतात ते शुगर किती आहे.

मी म्हटलं, "निरीक्षण."

लोकांनी माना डोलावल्या. अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरून दीड तास गाडी चालवत येणारा एक जण म्हणाला, "लेखकाची नजर, बॉस."

बाबाजीला न्यूझीलंडला पाठवायला आणखी डझनभर हवे होते. मी ते खैरुद्दीनकडून बांधून घेतले. क्लासमधल्या मित्रांना आवडले, असं त्याला सांगितलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, मी करक चहा आणि समोसे नेत गेलो. लबाडी करताना माणूस समोशाच्या बाबतीत फार उदार होतो. तिसऱ्या खेपेला जरीची तार दातानं तोडत तो म्हणाला, "काका, मालक दुकान बंद करतोय. डिसेंबर एंडला खलास. व्हिसा पण त्याच्याबरोबर."

"दुसरीकडे काही?"

"बघतोय. ह्या वयाला टेलर कोण घेतो? यम्नाचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. तेवढं एक वर्ष इथं टिकलो तर ती पास होईल. नायतर पोरीला अर्ध्यावरून घरी आणायची."

मी म्हटलं, "इन्शाल्ला, होईल काहीतरी." तो शब्द लोक इथं विश्वासानं वापरतात. मी त्या दिवशी हात झटकायला वापरला.

नोव्हेंबरात न्यूझीलंडहून फोटो आला. कुणाच्या तरी ओल्या हातात चांदीसारखा ट्राउट, आणि त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात खैरुद्दीनचा क्रेफिश. बाबाजीनं तो मोठा करून क्लासमध्ये लावला. खाली माझं नाव. मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला, कारण सगळ्यांनी आग्रह केला. तीनदा केला. पहिल्यांदाच मी उभा राहिलो होतो.

क्लास संपल्यावर बाबाजीनं मला थांबवून घेतलं. "काका, तिकडून रेग्युलर ऑर्डर येतेय. मला फुल टाइम माणूस पाहिजे. फ्लाय बांधेल, रॉडची रिपेअरी करेल. व्हिसा मी देतो. पण हात तुमच्यासारखा पाहिजे. तुम्ही पंचवीस वर्षांनी लहान असता तर तुम्हालाच ठेवलं असतं. ओळखीत आहे का कोणी?"

एवढं सरळ दार देवसुद्धा रोज उघडत नाही. मी त्या दारात उभा राहिलो आणि मनात हिशेब केला की खैरुद्दीनचं नाव सांगितलं तर तो इथं येणार, टेबलावर बसणार, आणि पाच मिनिटांत भिंतीवरचा फोटो कुणाचा ते सगळ्यांना कळणार.

"बघतो," मी म्हटलं.

पुढचे सात दिवस मी बघितलं. सकाळी गॅलरीतून अल कुसैसकडे बघितलं. पँट सैल झाली होती, तरी तिकडे गेलो नाही, पट्टा आवळला. स्वप्नालीनं विचारलं, "बाबा, गप्प का?" मी म्हटलं, नवीन पॅटर्नचा विचार करतोय. जावई सुदेश म्हणाला, "वा, रिटायरमेंट एन्जॉय करताय तुम्ही." मी आयुष्यभर ज्या पुढाऱ्यांवर लिहिलं त्यांच्यापैकी एकानं तरी इतक्या थोडक्यात इतकं केलं असेल का, आठवून पाहिलं. त्यांना निदान निवडणूक तरी लढवावी लागायची.

पुढच्या शनिवारी बाबाजी म्हणाला, "काका, तुमच्याकडून काही आलं नाही, सो मनिलाचा एक जण फायनल करतोय. मंडेला ऑफर लेटर जाईल."

मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. "मला काही सांगायचंय. तो क्रेफिश मी बांधलेला नाही. एकही नाही. रस्त्यापलीकडचा एक टेलर बांधतो. त्याचं नाव खैरुद्दीन. मी तुमच्याशी दोन महिने खोटं बोललो."

आधी अल रीमवाला हसला. मग सगळे हसले. बाबाजीनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "टेलर. भारी आहे, काका. चेहरा बघा कसा ठेवलाय."

"मी खरं सांगतोय."

ते आणखी हसले. एकानं तर डोळे पुसले. इतकं हसू मला कॉलमच्या ऐन भरातही मिळालं नव्हतं.

टॅक्सी करून मी अल कुसैसला गेलो. खैरुद्दीन पडद्याला टीप मारत होता. त्याला म्हटलं, चल, कामाचं आहे, वाटेत सांगतो. वाटेत जागेबद्दल आणि व्हिसाबद्दल सांगितलं. फोटोबद्दल सांगितलं नाही. ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण टॅक्सी फार लवकर पोचली. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

बाबाजीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही बांधता फ्लाय? काकांचा क्रेफिश तुम्ही केला म्हणतात."

खैरुद्दीननं भिंतीकडे पाहिलं. फोटो पाहिला, खालचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली, तर तिथं त्याच्या चपला होत्या, एका पट्ट्याला त्यानंच टाका घातलेला.

"काकांनी सांगितला तसा बांधला," तो म्हणाला. "डोकं त्यांचं. मी नुसता टाके घालणारा."

चारचौघांसमोर वडीलधाऱ्या माणसाला खाली पाहायला लावायचं नाही, ही त्याची रीत. त्या रीतीपायी तो स्वतःचा व्हिसा माझ्या पायाशी ठेवत होता.

"बघा, म्हणजे डिझाइन काकांचंच," बाबाजी म्हणाला. "भाई, टाके घालणारे पुष्कळ मिळतात. मला डोकं पाहिजे."

मग माझ्याकडे एकच उपाय उरला. मी टेबलाशी बसलो. गळ धरणाऱ्या छोट्या चिमट्यात, ज्याला ते व्हाइस म्हणतात, गळ अडकवला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा अडकला. "सगळ्यांनी बघा," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही असं नाही. सुरुवातीला हसले. मी दोरा गुंडाळला, तो सुटला. लोकर लावली, ती बोटांना चिकटून आली. मणी बांधायला गेलो तर डाव्या हाताची थरथर सगळ्या टेबलाला कळली आणि एक मणी घरंगळत अल रीमवाल्याच्या बुटापाशी गेला. त्यानं तो उचलून दिला. तेव्हा तो हसत नव्हता. पिसांच्या नांग्या मी लावल्या, आणि सवयीनं पुन्हा पुढच्याच बाजूला लावल्या. पंचवीस मिनिटं लागली. वाटलं होतं की पाचव्या मिनिटाला कुणीतरी पुरे म्हणेल. कुणी म्हटलं नाही. मी वाट पाहिली आणि बांधत राहिलो. शेवटी गाठ मारली, गळ चिमट्यातून सोडवला, आणि सगळं सैल होऊन टेबलावर उतरलं, न्हाव्याच्या दुकानात खाली पडतं तसं.

बाबाजीनं तो ढीग बोटानं उलटसुलट करून पाहिला. मग खैरुद्दीनला म्हणाला, "बसा."

खैरुद्दीन बसला. सतरा मिनिटांत क्रेफिश झाला, मागे पळणारा. बाबाजीनं तो उजेडात धरला, दोरा ओढून पाहिला. "मंडेला पासपोर्टची कॉपी आणि फोटो घेऊन या. मनिलावाल्याला मी कळवतो."

मग बाबाजी भिंतीकडे वळला. फोटोखालचं माझं नाव त्यानं नखानं काढलं. चिकटपट्टीचा थोडा भाग राहिला, तोही ओल्या बोटानं घासून काढला. मी दाराशी उभा होतो, आणि दार उघडायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

खैरुद्दीनला मशीनवर परत जायचं होतं, अर्धा पडदा राहिला होता. मी त्याच्याबरोबर चालत निघालो. मला घरी जायचं होतं ते उलट दिशेला. मोठ्या रस्त्याशी सिग्नल लाल होता.

"यम्नाला फोन कर," मी म्हटलं.

"करतो. कागद हातात आला की करतो." थोड्या वेळानं म्हणाला, "काका, तुम्ही मागितलं असतं ना, तर मी नाव देऊन टाकलं असतं. आपल्याला काय करायचं नावाचं?"

"मागायची लाज वाटली."

"आणि घ्यायची?"

टोमणा नव्हता तो. कंबर किती, उंची किती, अशी मापं तो विचारतो, तसंच विचारलं. सिग्नल हिरवा झाला. सहा लेन होत्या आणि माझं वय एकाहत्तर, म्हणून त्यानं माझं कोपर धरलं आणि मला रस्ता ओलांडून दिला.