सूनबाईंचं वजन

"पन्नास," सून म्हणाली. "म्हणजे पन्नासच्या आतबाहेर."

"आत की बाहेर?"

"बाबा, सुनेला असं विचारतात का?"

काटेवाला ओशाळून हसला. विचारू नये हे त्यालाही कळत होतं, पण इलाज नव्हता. डोंगरी सायकलच्या पुढच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्यांत, हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबानं. जास्त झाली तर शॉक दबतच नाही आणि प्रत्येक दगड थेट मनगटात शिरतो. कमी पडली तर उतारावर सायकल नाक खुपसते. म्हणून वजन खरं हवं, तेही अंगावरच्या सगळ्या सामानासकट. आणि खरं वजन हा तर या घरचा धंदाच होता.

गावातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे त्याच्या हाताखालून गेलेले होते. काटा उघडायचा, साफ करायचा, पितळी मापं एकेक करून ठेवायची, सुई जागेवर आणायची. एका दुकानदारानं एकदा आडून आडून सुचवलं होतं, की काटा जरासा आपल्या बाजूनं झुकला तर बरं होईल. हा दुकानदार म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. काटेवाल्यानं काटा चोख करून परत दिला आणि मेहुण्यानं पुढं दोन वर्षं बोलणं टाकलं. "तुमच्या काट्याला नातंगोतं काही कळत नाही," बायको तणतणली होती. मग पोळ्या लाटता लाटता भावाचा पडलेला चेहरा आठवून तिलाच हसू फुटलं, आणि लाटणं बाजूला ठेवून ती डोळे पुसेपर्यंत हसली.

व्हरांड्यात उभी असलेली निळी सायकल बायकोची होती. गेलं वर्षभर ती भिंतीवरच्या हुकाला टांगलेली होती. रविवारी डोंगरावर जाणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हणजे बेकरीवाला. येता जाता तो टोकायचा, "अहो, टांगून ठेवलेली सायकल आतून सुकते. कुणाला तरी चालवू द्या." काटेवाला मान डोलवायचा. तसं पाहिलं तर त्यानं सायकलची हेळसांड मुळीच केली नव्हती. चेनला तेल द्यायचा, ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हात लागू नये म्हणून वेगळं फडकं ठेवायचा, टायर फिरवून बघायचा. फक्त पुढच्या शॉकला त्यानं कधी पंप लावला नाही. आत हवा किती आहे, हे पाहण्यासाठीसुद्धा नाही. पंपाची नळी जोडली की आतली थोडी हवा नळीत येते आणि नळी काढताना फुस्सकन निघून जाते. आयुष्यभर लोकांचे काटे तपासलेल्या या माणसानं ही एकच गोष्ट तपासायची टाळली होती.

ती हवा बायकोनं भरलेली होती.

सून घरात आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. भाड्याची सायकल घेऊन ती दोनचार रविवार टोळीबरोबर जाऊन आली आणि तिला डोंगराचं वेडच लागलं. परवा जेवताना तिनं बिचकत विचारलं, "आईंची सायकल मी चालवली तर चालेल?" काटेवाला लगेच "अगं, चालेल म्हणजे काय!" म्हणाला, आणि तोंडातला घास काही केल्या खाली उतरेना. मुलाच्या ते लक्षात आलं, पण तो मुकाट्यानं भाजी वाढून घेत राहिला.

आता धुक्यानं भरलेली सकाळ होती. फाटकापलीकडचा रस्ता दिसत नव्हता. कुणाचा तरी मोठा काटा दुरुस्तीला आला होता, तो व्हरांड्यातच होता.

"चढ बरं."

सून अनवाणी चढली. सुई डुलली आणि थांबली.

"आत," तो म्हणाला.

"बघा! मी सांगतच होते."

तिला आनंद झाला. काटेवाल्यानं मात्र सुई पुन्हा एकदा वाचली. बायको अंगानं भरलेली होती, सुनेपेक्षा चांगलीच वजनदार. म्हणजे हवा सोडावी लागणार. आपण कालपासून मनातल्या मनात सुनेला जाड करत होतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

तो सायकलपाशी खाली बसला. व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नळी फिरवून बसवली. पंपाची सुई वर चढली आणि बायकोनं भरून ठेवलेल्या आकड्याच्या जवळपासच राहिली, अगदी किंचित खाली. वर्षभरात एवढीच गेली होती. आता पंपावरचं छोटं बटण दाबायचं, की झालं. त्याचा अंगठा बटणावर टेकला आणि तिथंच राहिला.

तेव्हाही अशीच सकाळ होती. अशाच धुक्यात बायको या पायरीवर पंप गुडघ्यांत धरून बसली होती. दुसऱ्या कुणाला ती पंपाला हात लावू देत नसे.

"बास का?"

"अजून थोडी."

"तुमचं अजून थोडी कधी संपायचंय देव जाणे!"

मग डोंगर. उंच झाडांखालची ओली पायवाट, आणि ती पुढं, धुक्यात पार विरघळलेली. दिसत नसे, फक्त तिच्या चाकाची टिकटिक ऐकू येई. तो त्या टिकटिकीच्या मागं मागं उतरत राही. वळण कुठं आहे, दगड कुठं आहे, सगळं तिच्या आवाजावरून कळे. त्या दिवसांत आपण नेमके किती उतरलो, कुठं पोचलो, हे त्याला कधी आठवत नसे. ही हवा भरली त्याच्या पुढच्याच महिन्यात ती गेली. सायकलवरून पडून वगैरे नव्हे, साध्या तापाचं निमित्त झालं.

"बाबा, काय झालं? अडकलं का बटण?"

"नाही." त्यानं अंगठा बटणावरून उचलला. मग म्हणाला, "ही हवा तिनं भरलेली आहे. शेवटची."

सून पायरीवर त्याच्या शेजारी टेकली.

"सगळी काढावी लागेल?" तिनं हळूच विचारलं.

"सगळी नाही. थोडीच."

"मग उरेल की."

"उरेल. पण कुठली गेली आणि कुठली राहिली, ते कसं कळणार?"

बोलल्यावर त्याचं त्यालाच हे वेडगळ वाटलं. सून नखानं पायरीवरचं शेवाळ खरवडत बसली. मग एकदम उठली. "थांबा हं. बटण दाबू नका. बूट घालायचे राहिलेत माझे. वजन सगळ्या सामानासकट घ्यायचं असतं ना?"

ती आत गेली. आत बराच वेळ खुडबुड चालली होती. बाहेर आली ती बूट, हेल्मेट आणि पाठीवर बॅग अशी जय्यत तयारीनं. बॅगेचे पट्टे खांद्यात रुतले होते आणि चालताना ती जरा मागं कलत होती. उंबरा ओलांडताना बॅगेतून आवाज आला. किण्ण.

काटेवाल्यानं तो आवाज झोपेतही ओळखला असता. पितळेवर पितळ. दाराआडची त्याची लाकडी पेटी त्याला बसल्या जागेवरून दिसत होती; तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. त्या पेटीतल्या मापांना तो उघडा हातसुद्धा लावत नसे. घाम लागू नये म्हणून मऊ कापडानं उचलायचा, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येकाला खण होता. मुलगा लहान असताना एका मापाशी खेळला, म्हणून त्याला आयुष्यातली एकमेव चापटी बसली होती.

सून काट्यावर चढली. सुई झपाट्यानं गेली, बायकोच्या आकड्यापाशी पोचली आणि तो ओलांडून थोडी पुढं जाऊन थांबली.

"पाहिलंत?" सून समोर रस्त्याकडं बघत म्हणाली. "पाणीबिणी धरलंच नव्हतं मघाशी. मी काही तेवढी हलकी नाही."

काट्याखाली चुंबक लावणारे, पारड्याला बोट टेकवणारे, नाना तऱ्हेचे लोक त्यानं पाहिले होते. एवढी उघड लबाडी मात्र कुणी त्याच्यासमोर केली नव्हती. आणि ती करणाऱ्या पोरीचे कान लाललाल झाले होते.

त्यानं सुईकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "काढायची नाहीच. उलट थोडी भरावी लागेल."

"मी भरू?"

"भर."

तिनं पंप गुडघ्यांत धरला. नवखा हात, त्यामुळं दांडा वेडावाकडा जात होता.

"बास का?"

"अजून थोडी," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य येईल म्हणून नकळत थांबला. सून फक्त जोर लावून दांडा दाबत राहिली.

नळी काढताना फुस्स झालं. त्यात थोडी हिची असेल, थोडी तिची. त्यानं टोपण घट्ट बसवलं आणि आपलीही सायकल काढली.

डोंगराच्या पायथ्याशी बेकरीवाला वाट बघत होता. निळी सायकल बघून त्यानं तोंड उघडलं आणि काटेवाल्याचा चेहरा बघून मिटलं. चढ सुरू झाल्यावर मात्र त्याला राहवेना. सून धापा टाकत होती, दर वळणावर उतरत होती.

"सूनबाई, बॅगेत काय घर बांधून आणलंयत की काय?"

"पाणी," ती धापांमधून म्हणाली.

बेकरीवाला हसत पुढं गेला. काटेवाला तिच्या बाजूला आला. "दे ती बॅग इकडं. माथ्यापर्यंत मी घेतो."

"नको." तिनं पट्टे गच्च धरले. "वजन बदलेल."

माथ्यावर धुकं एवढं दाट होतं, की झाडांचे फक्त बुंधे दिसत होते. दम खाऊन झाल्यावर सुनेनं हेल्मेटचा पट्टा ओढला. एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि उतारावर सायकल सोडली. निळा रंग थोडा वेळ दिसला. मग तोही नाहीसा झाला.

काटेवाला कान देऊन उभा राहिला. चाकाची टिकटिक क्षीण होती, पण तिच्या जोडीला आणखी काहीतरी वाजत होतं. दगड आला की किण्ण. मुळावरून चाक गेलं की किण्ण, किण्ण. आयुष्यभर कापडात जपलेली मापं एकमेकांवर आपटत खाली चालली होती. प्रत्येक ठोक्याला पोचे पडत असतील, कोपरे झडत असतील. त्या मापांवर यापुढं कुणाचा काटा तपासता येणार नव्हता.

आवाज डावीकडच्या वळणाला लागला. त्यानं ब्रेक सोडला आणि तो त्या आवाजाच्या मागं उतरू लागला.