तीन नळ्या

लव्हॉन कांगसचं पिस्तूल त्या सकाळी दुसऱ्यांदा अडकलं, तेव्हा ऑर्विल ट्रेथवे मागच्या बाकावर कॉफी पीत बसला होता. तिने रीतीप्रमाणे डावा हात वर केला आणि पिस्तुलाचं तोंड निशाणाकडेच ठेवून उभी राहिली. नेमबाजीच्या रांगेवर हुकूम देणारा एमेट लव्हरिच तिच्याजवळ गेला. काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर. पुढेही जाईना, मागेही येईना. एमेटने जोर लावून ते मागे ओढलं, उजेडात धरलं आणि त्याच्या तोंडावरून नख फिरवलं. मग त्याने बाकाकडे पाहिलं.

काडतूस कुणी भरलं हे विचारायची गरज नव्हती. क्लबातल्या अकरा जणांची काडतुसं तीस वर्षं ऑर्विलच भरत होता. शिसं तोच वितळवायचा, गोळ्या तोच ओतायचा. लोक नुसत्या रिकाम्या पुंगळ्या आणून द्यायचे आणि जाताना त्याच्याकडे तासभर गप्पा मारत बसायचे. बायको गेल्यावर त्याच्या घरी येणारी माणसं ती एवढीच.

शिशाची गोळी मऊ असते. ती पितळी पुंगळीत बसवताना सोलली जाऊ नये म्हणून पुंगळीचं तोंड केसभर फुलवतात आणि गोळी बसली की ते पुन्हा आवळून घेतात. आवळायचं काम यंत्र करतं, पण प्रत्येक पुंगळीची लांबी थोडी वेगळी, त्यामुळे एखादी सुटते. सुटलेली ऑर्विलचा अंगठा पकडायचा. त्याच्या स्वतःच्या जुन्या लष्करी पिस्तुलाची नळी ऐसपैस होती, ती काहीही गिळायची. लव्हॉनची नळी मात्र मुद्दाम बनवून घेतलेली, अगदी घट्ट मापाची. म्हणून ज्याचं काडतूस त्याच्याच नळीत टाकून पाहायचं, असा ऑर्विलचा नेम होता. नळी पिस्तुलातून काढायची, काडतूस वरून सोडायचं. टक्‌ आवाज येऊन ते बसलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. या खेपेला त्याने लव्हॉनची नळी मागवलीच नव्हती. हाताशी होती त्या आपल्या नळीत टाकून पाहिलं होतं, आणि बाकीचं अंगठ्यावर सोडलं होतं.

अंगठ्याला मार्चपासून काही लागत नव्हतं. आतड्याच्या दुखण्यावर दिलेल्या औषधांनी बोटांची टोकं मेली होती. डॉक्टर म्हणाले होते, जाणीव परत येईल, कदाचित येणारही नाही. ऑर्विलने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

एमेट बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ऑर्व्ह, पुढच्या शनिवारी पन्नास काडतुसं घेऊन ये. तुझ्या, माझ्या आणि लव्हॉनच्या नळीत मी स्वतः टाकून बघतो. एक जरी अडकलं, तरी यापुढे तू फक्त स्वतःपुरतं भरायचं. उद्या कुणाचा हात गेला तर मी काय सांगू?”

“बरोबर आहे,” ऑर्विल म्हणाला.

त्याला वाटलं, आता वाईट वाटेल. कॉफी संपली तरी काही वाटलं नाही. डॉक्टरांकडेही असंच झालं होतं.

मंगळवारी त्याची पन्नास काडतुसं भरून झाली. संध्याकाळी लव्हॉन आली. ती शाळेची बस चालवायची, आणि चाळीस पोरांवर ओरडून ओरडून तिचा आवाज कायमचाच चढा झाला होता. एका हातात मांस-बटाटा भरून भाजलेल्या दोन गरम पेस्ट्या, दुसऱ्या हातात मोज्यात गुंडाळलेली तिच्या पिस्तुलाची नळी.

“म्हातारबा, आधी खाऊन घे, मग माझी नळी नासव,” ती म्हणाली. मग तिची नजर टेबलावर गेली. “हे काय? रक्त येतंय तुला.”

ऑर्विलने अंगठा पाहिला. पितळेच्या कडेने चार-पाच ठिकाणी कापला होता. काडतुसांच्या ओळीवर बोटांचे रक्ताळ ठसे उठले होते, काही वाळलेले, काही ओले. ते त्याला आताच दिसले.

कधीपासून, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं. तिने शिवी दिली, ती त्याला की डॉक्टरला हे कळलं नाही. मग खुर्ची ओढून ती बसली आणि एकेक काडतूस नळीत टाकू लागली. टक्‌. टक्‌. पेस्ट्या गार होत गेल्या. पन्नासातली सात बसली नाहीत. ती तिने बाजूला सारली.

“ही सात मी गिळली असं समज. दुसरी सात भर, ती पण मी टाकून बघते. एमेटला काय स्वप्न पडणारे?”

ती गेल्यावर ऑर्विलने पेस्टी खाल्ली, भांडं धुतलं. मग बाजूला सारलेली सात काडतुसं पुसून त्याने पुन्हा बाकीच्यांबरोबर डब्यात टाकली.

शनिवारी एमेटने तिन्ही नळ्या कापडावर ओळीने मांडल्या. ऑर्विलच्या नळीत पन्नासच्या पन्नास बसली. एमेटच्या नळीत दोन किंचित रेंगाळली, पण बसली. लव्हॉनच्या नळीत नववं काडतूस टाकलं आणि टक्‌ आवाज आला नाही. एमेटने ते बोटाने दाबून पाहिलं, काढलं आणि डब्याचं झाकण लावू लागला.

“अजून सहा आहेत,” ऑर्विल म्हणाला.

एमेटने मान हलवली. पुढचं टाकून पाहिलं नाही. अकरा जणांना मीच सांगतो, तू त्रास घेऊ नकोस, असं म्हणून तो रांगेकडे निघून गेला.

लव्हॉनने ऑर्विलला त्याच्या गाडीपाशी गाठलं. तिचा चेहरा लाल झाला होता. “माहीत होतं तुला. मी वेगळी काढून दिली होती. का घातलीस परत?”

“तुझी नळी माझ्या टेबलावर आली,” ऑर्विल म्हणाला. “बाकीच्या दहा जणांच्या येणार नाहीत दर वेळी. आल्या तरी मी एखाद दिवस कंटाळा करीन. मागच्या खेपेला केलाच ना.”

गाडीच्या टपावर तिने तळहाताने दोनदा थाप मारली आणि परत गेली.

आठवडाभर ऑर्विलकडे कुणी आलं नाही. त्याने कोठीतल्या पुंगळ्या ज्याच्या त्याच्या नावाच्या पिशव्यांत भरल्या आणि पिशव्या दाराशी ठेवल्या. फोन वाजला तर उचलला, नाही वाजला तर नाही. रविवारी दुपारी लव्हॉन दार न वाजवता आत आली, दाराशी ठेवलेली स्वतःची पिशवी उचलली आणि सरळ टेबलावर नेऊन ओतली. शिसं तू ओत, म्हणाली, त्याला डोळे लागतात, ते तुझे अजून आहेत. यंत्राचा दांडा मी ओढते. कुठे किती ओढायचा ते बोल.

तो बोलत गेला, ती करत गेली. पहिली तीन वाकडी गेली. चौथं तिने आवळून काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“हे झालं का बरोबर?”

ऑर्विलने ते घेतलं. तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलट बाजूने. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याने आणखी एकदा फिरवला.

“मला कळत नाही,” तो म्हणाला. काडतूस हातात धरून हे तो कुणापुढे पहिल्यांदाच म्हणत होता. “तू बघ.”

तिने पाहिलं. “थोडं लागतंय कडेला.”

“मग अजून आवळ,” ऑर्विल म्हणाला, आणि शिशावर आलेली मळी काढायला भट्टीकडे वळला.