सात नंबरच्या काठीची मान

मी एक जुनी सात नंबरची काठी आहे. काठी म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या आधाराची नव्हे, गोल्फची. खाली लोखंडाचं पातं, वर पोलादाची नळी आणि नळीच्या टोकाला रबराची मूठ, एवढाच माझा देह. मित्रांनो, कुंभकोणममध्ये गोल्फ कोण खेळतं! इथं मला पाहून कुणी हॉकी म्हणतं, कुणी माकडं हाकलायची काठी म्हणतं. मी कुणाला दुरुस्त करत नाही. मी मुळातच भित्र्या स्वभावाची. चारचौघांत कुणी माझ्याकडं बोट दाखवलं तरी माझा जीव खालीवर होतो. पण गेल्या दसऱ्याला माझ्या मानेवर बेतलं होतं, आणि माझ्याहून जास्त एका मुलीवर. ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यातला. आमच्यात दोन जाती. एक ओतीव: लोखंड वितळवलं, साच्यात ओतलं, गार झालं की पातं तयार. दुसरी घडीव, म्हणजे मी. लालभडक सळई घणाखाली धरून मला ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं, आणि मग एका कारागिरानं चाकावर घासघासून माझं पातं पातळ केलं. इतकं पातळ, की चेंडू बरोबर मधोमध लागला तरच मी गोड वाजते. जरा इकडंतिकडं लागला की मारणाऱ्याच्या बोटांना झिणझिण्या येतात. ओतीव बहिणी माणसाच्या चुका पोटात घालतात. मला ते जमत नाही. याची मला लाज वाटते, आणि खोटं कशाला बोलू, थोडी घमेंडही आहे.

मला मागवलं होतं नरसिंहरावांनी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि तिथलेच झाले. नरसिंहराव निलगिरीत एका चहाच्या कारखान्यात इंजिनियर होते, चांगले सहा फूट उंच. त्यांनी आपली उंची, हाताची लांबी, सगळं कागदावर लिहून पाठवलं, आणि पातं जिथं नळीला जुळतं ती माझी मान त्याच मापानं वळवली गेली. त्यांच्या हातात मी जमिनीला टेकले की तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट बसायचा. धुक्यातल्या त्या हिरवळीवर त्यांचे सोबती म्हणायचे, राव, तुमची सात नंबर बोलते हो. ते ऐकून मी सुखावायची आणि लगेच धास्तावायची, की उद्या नीट नाही बोलले तर?

मग राव निवृत्त झाले आणि कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या आपल्या घरी परतले. संचातल्या माझ्या बाकीच्या बहिणी कुणाकुणाला देऊन टाकल्या. मी तेवढी मागं राहिले. परसात शेवग्याच्या शेंगा पाडायला त्यांच्या पत्नी, मीनाक्षीबाई, मला वापरू लागल्या. मानेपाशी गंज धरला. कुणी पुसलं नाही, कुणी विचारलं नाही. मी रोज मनाशी म्हणायची, आता भंगारात जाणार.

तिथून मला उचललं नित्यानं. राव-मीनाक्षीबाईंची ही नात तेव्हा दहा वर्षांची होती. या घरात बोलणं मराठी, पण आजोबांना हाक तमिळ. नित्या त्यांना ताता म्हणते. तातांनी नात खेळणार म्हणून माझी नळी कापून आखूड केली, नवी मूठ बसवली आणि म्हणाले, झालं तुझ्या मापाचं. इथंच घोडं पेंड खातं, मित्रांनो. नळी आखूड झाली, पण मान होती तशीच राहिली, सहा फुटी माणसाची. बुटक्या नित्याच्या हातात मी टेकले की माझी मानेकडची बाजू जमिनीला लागायची आणि टोक वर उचललेलं राहायचं. चेंडू डावीकडं जायचा. मला पहिल्या दिवशी कळलं. पण मला तोंड कुठं आहे?

पाच वर्षं अशी गेली. जवळच्या इन्नंबूर गावी ओळखीच्यांच्या शेतात कुरुवैचा, म्हणजे पहिल्या हंगामाचा, भात निघाला की बांधाशेजारी एक फळी टाकून नित्या तिच्यावरून चेंडू मारायची. मुलगी चिवट. ती सरळ जाणारा चेंडूही मारायची, पण त्यासाठी मनगट वळवून घ्यायची, खांदा चोरायची. रात्री मनगटाला शेक घ्यायची. माझ्यामुळं तिला हे भोगावं लागतंय, हे मला दिसत होतं आणि मी गप्प होते. असं गप्प राहणं किती जड जातं, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर गोष्ट निकराला आली. त्रिचीचे प्रशिक्षक सतीशकुमार जिल्ह्याच्या मुलींचा संघ निवडत होते. नित्याच्या वडिलांनी, प्रवीणकुमारांनी, तिच्यासाठी तिच्या मापाच्या काठ्यांचा नवा संच घडवून घ्यायचं ठरवलं. मागणीचा फॉर्म कारखान्याला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता, आणि एकदा घडलेला संच परत घेत नाहीत. पाती ओतीव की घडीव, ते त्यात लिहायचं होतं. नित्याला घडीवच हवी होती. सतीशकुमारांनी तिचे वीस चेंडू पाहिले. चौदा डावीकडं गेले. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की घडीव पाती हिच्या हाती देऊ नका, हिच्या हातातच खोट आहे, आणि या हाताची मुलगी मी संघात कशी घेऊ? दसऱ्यानंतर एकदा पुन्हा बघतो, एवढं मात्र ते म्हणाले. त्यांना वाटलं नित्याला ऐकू गेलं नाही. मी तिच्या मुठीत होते, तिची बोटं गार पडलेली मला कळली.

घरी सगळ्यांचं मत पडलं. प्रवीणकुमारांनी फॉर्मवर ओतीव लिहूनही टाकलं. मीनाक्षीबाईंना तर वादच कळेना. स्वामीमलैच्या मूर्तिकारांकडून आणलेले आपले पंचधातूचे देव सगळे ओतीव, त्यांना कुणी नाव ठेवलं का, असं त्यांचं म्हणणं. आता देवांपुढं मी काय बोलणार! नित्या जेवली नाही. मला कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, काय लिहायचं ते लिहा. नव्या संचाचं काय व्हायचं ते होवो; ही पोर आपल्या हाताला वाईट म्हणू लागली होती, ते मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडं नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढं बसतं. शिवणयंत्र, विळी, पाना, हातोडी, दारातली स्कूटर, आणि त्या रांगेत मी. मीनाक्षीबाईंनी सहाणेवर चंदन उगाळलं आणि मला वरखाली माखलं. माझा तळसुद्धा सोडला नाही, वर कुंकू लावलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. नित्याला सराव करायचा होता, पण आजी हटल्या नाहीत. अख्खा दिवस मी कुरमुरे-फुटाण्यांच्या ताटाशेजारी पडून होते आणि फॉर्मची मुदत संपायला किती वेळ राहिला ते मोजत होते.

दसऱ्याला धरलेलं काम फळतं, म्हणून आजींनीच नित्याला सकाळी उठवलं. पण चंदन पुसायचं नाही, पहिलं काम त्याच्यासकट झालं पाहिजे, असा त्यांचा दंडक. ताता नित्याला घेऊन इन्नंबूरला आले. नित्यानं फळीवर चेंडू ठेवला आणि मारला. गेला डावीकडं. दुसरा मारला. तोही तसाच. ती खाली बसली, मला उलटं मांडीवर घेतलं आणि रडू लागली. रडता रडता तिचं बोट माझ्या तळावरून फिरलं आणि थांबलं.

वाळलेलं चंदन मानेकडच्या बाजूनं पार घासून गेलं होतं. टोकाकडं जसंच्या तसं होतं, कुंकवासकट.

"ताता, फळीला एवढंच लागतंय," ती म्हणाली. "तिकडचं चंदन हललंच नाही."

नरसिंहरावांनी मला हातात घेतलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते बांधावर मटकन बसले. जन्मभर यंत्रं जुळवलेला माणूस. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुझ्या हातात खोट नाही गे," ते म्हणाले. "ही माझ्या मापाची आहे. मी नळी कापली आणि मान विसरलो. पाच वर्षं तुला माझ्या उंचीचं खेळायला लावलं."

मित्रांनो, मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि माझी गाळणही उडाली. चूक सापडली होती, आणि ती चूक म्हणजे मी.

ते दोघं मला घेऊन थेट शेजारच्या साक्कोट्टै गावी गेले, वेंकटेश लोहाराकडं. दसऱ्याचं पहिलंच काम म्हणून त्यानं भट्टीपुढं कापूर लावला आणि मला हातात घेऊन तमिळमध्ये एकच प्रश्न विचारला: ओतीव की घडीव? ओतीव असेल तर मी हात लावणार नाही, वाकवताना तुटेल. घडीव आहे म्हटल्यावर त्यानं माझ्या मानेवरचा गंज नखानं खरवडला. जुनी आहे, तो म्हणाला. एकदा वाकेल, कदाचित. पण पुन्हा तुमच्या मापावर आणायला गेलात तर मोडलीच म्हणून समजा.

नित्या म्हणाली, "नको ताता. तुमची एवढीच राहिली आहे. मी ओतीव घेते."

राव माझ्याकडं पाहत राहिले. निलगिरीची सगळी वर्षं त्यांच्या हाती फक्त माझ्याच रूपानं उरली होती. हे मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. मला तेव्हा वाटलं, राहू दे, मला घरी न्या. हो, वाटलं मला तसं. भित्रेपणा काही सुटत नाही. मग राव म्हणाले, "वाकव रे."

माझं पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं, खाली लाकडाचे तुकडे घातले. नळीवर लांब पाइप चढवला. वेंकटेश अंगाचा भार टाकू लागला आणि माझी मान करकरली. वरचा मुलामा तडकून उडाला. मला वाटलं, संपलं. पण घणाखाली ठोकून घेतलेलं अंग कामी आलं. मी मोडले नाही, वाकले. नित्यानं माझ्या तळाला पुन्हा चंदन लावलं, वेंकटेशच्या अंगणात फळी टाकून मला हलकेच तिच्यावरून घासलं आणि उचलून पाहिलं. अजून थोडं, ती म्हणाली. वेंकटेशनं डोळे मिटून आणखी थोडा भार दिला. तिसऱ्या वेळी चंदन बरोबर मधोमध पुसलं गेलं.

मग पुन्हा इन्नंबूर. नित्यानं मनगट वळवलं नाही, खांदा चोरला नाही, नुसतं मारलं. किती वर्षांनी मी गोड वाजले! चेंडू समोरच्या एकट्या नारळाच्या दिशेनं सरळ गेला. दुसरा तसाच. दहांतले आठ सरळ गेले, आणि उरलेले दोन कुठं गेले याच्याकडं तिनं पाहिलंही नाही. संध्याकाळी प्रवीणकुमारांनी फॉर्मवरचं ओतीव खोडून घडीव लिहिलं, आणि मानेचं माप माझ्यावरून मोजून भरलं. पुढच्या आठवड्यात सतीशकुमारांनी पुन्हा वीस चेंडू पाहिले, मला उलटं करून तळ पाहिला आणि नित्यासमोर उघड म्हणाले, हात नीट आहे, मीच घाई केली. संघाची शेवटची निवड मात्र अजून व्हायची आहे. माझी धाकधूक काही संपलेली नाही.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी शेतातून निघण्याआधी नरसिंहरावांनी मला एकदा हातात घेतलं होतं. त्यांनी जुन्या सवयीनं पाय रोवले आणि मला जमिनीला टेकवलं. माझं टोक मातीत रुतलं, मानेकडची बाजू वर राहिली. तरी त्यांनी मारलं. चेंडू उजवीकडच्या चिखलात गेला. नित्या कावरीबावरी होऊन त्यांच्याकडं बघत होती. ते हसले आणि मला तिच्या हातात देत म्हणाले, "आता ही माझ्या हाताला बसत नाही. बरं झालं."

मित्रांनो, एखाद्या मुलाच्या हातून सारखं वाकडं जात असेल, तर त्याच्या हाताला नाव ठेवायच्या आधी हातातली वस्तू एकदा उलटी करून बघा. आणि तुमच्या मापाची वस्तू दुसऱ्याला देत असाल, तर ती त्याच्या मापाची करून द्या. तसं केल्यावर ती तुमच्या हाताला बसणार नाही. तरी द्या.