कोंडलेल्यांचा कान

मी हेडफोन. ऐकण्यासाठी जन्माला आलो, त्यामुळे बोलायची सवय नाही. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा कारखाना कुठे होता ते मला सांगता येणार नाही. तिथे माझ्यासारखे ढिगाने होते आणि सगळ्यांना एकच शिट्टी ऐकवून पास केलं गेलं. मग खोका, मग विमान, मग एका देशातलं गोदाम. तिथल्या कंपनीने मला विकत घेतलं आणि पुसून ठेवावं तेवढा वेळही न देता कुरिअरने दुसऱ्याच देशात धाडून दिलं. खोका उघडला तेव्हा पहिला आवाज कानी पडला तो एका वयस्कर गृहस्थांचा.

"ऑफिस आलं वाटतं तुझं," ते म्हणाले.

"हो बाबा. एवढंच आहे ते."

ही माझी मालकीण. आधी ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर बसायची. बोर्ड गेला, तिथे यंत्र आलं. तिला तिकडच्या देशाची भाषा येत होती, आवाज शांत होता, आणि वडिलांना एकटं टाकून कुठे जाणं शक्य नव्हतं. म्हणून ही नोकरी. कंपनी तिकडे, ही इकडे, आणि मधे मी.

काम असं होतं. तिकडच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये एक लाल बटण असतं. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस ते दाबतो. ते दाबलं की त्याचा आवाज यायचा माझ्यात. ती पत्ता बघायची, मेकॅनिकला पाठवायची, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायची. दार उघडेपर्यंत लाइन सोडायची नाही, हा पहिला नियम. आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नाही, हा दुसरा. बरोबरच आहे. दोन मजल्यांच्या मधे लटकलेल्या माणसाला कळलं, की आपला वाली समुद्रापलीकडे बसलाय, तर असलेलं अवसानही गळायचं.

बाबा बसवर कंडक्टर होते. ते म्हणायचे, "मी जन्मभर माणसं गाडीत कोंबली, आणि आमची लेक कोंडलेल्यांना बाहेर काढते. घराण्याचा हिशेब बरोबर झाला."

ती हसायची. पहिल्या वर्षी तरी हसायची.

मला डोळे नाहीत, पण ऐकून ऐकून ती खोली मला पाठ झाली. पंखा फिरताना एका जागी टक् करायचा. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा होता, तो सरकला की टेबल डुगडुगायचं. भिंतीपलीकडे बाबांची खाट, त्यापलीकडे स्वयंपाकघर. तिकडे सूर्य आधी उगवतो, म्हणून ही पहाटे उठायची. शेजारपाजार जागा व्हायच्या आत तिने तिकडच्या दोघातिघांना धीर दिलेला असायचा.

लिफ्टमध्ये माणसं कशी वागतात म्हणून सांगू. मोठ्या हुद्द्याचा माणूस आधी रागावतो, मग नाव विचारतो, मग हळूच म्हणतो, जाऊ नका हं. नवराबायको अडकले की थोडा वेळ गप्प असतात आणि मग घरून निघताना अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करतात. एकटा माणूस आधी लिफ्टचीच माफी मागतो. ही सगळ्यांना एकाच आवाजात सांगायची, "घाबरू नका, माणूस निघालाय." खिडकीबाहेर ऊन मी म्हणायचं, पंखा गरगरत असायचा, आणि ती म्हणायची, "हो ना, यंदा थंडी फारच आहे."

असा दिवस गेला की तिचा आवाज संपायचा. मी ते रोज ऐकलं आहे. डोक्यावरून मला काढून खिळ्याला अडकवलं, की पलीकडून बाबा काहीतरी विचारायचे आणि ही म्हणायची, "हं." परक्यांना दिवसभर धीर द्यायचा आणि घरच्यांना हुंकार.

आणि वर लोकांचं पालुपद. शेजारीण किल्ली ठेवून जायची, "तू घरीच असतेस ना." गॅसवाला, कुरिअरवाला, प्लंबर, सगळे हिच्याच दारात. दुसऱ्या शहरातला मोठा भाऊ फोनवर म्हणायचा, "बाबांची काळजी नाही आपल्याला. तू घरीच असतेस." घरी बसून केलेलं काम कुणाला काम वाटत नाही. ज्या ऑफिसला दार नाही, तिथे बाई गेली कधी आणि आली कधी, हे कुणाला दिसणार?

मग ती सकाळ आली.

तिकडे एक सफाईवाली बाई अडकली होती. बादली, झाडू आणि ती. लिफ्टमधला दिवाही गेला होता. त्या देशाची भाषा ती मोडकीतोडकीच बोलत होती आणि तिचा श्वास माझ्यात फडफडत होता.

"बादलीवर बसा," ही म्हणाली. "उपडी करा आणि बसा. हं, असं. आता मला सांगा, आज किती मजले झाले तुमचे?"

बाई सांगायला लागली. श्वास जरा खाली आला. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाबांची हाक आली. "अगं, पाणी देतेस का?"

हिने मला हाताने दाबलं, म्हणजे आवाज पलीकडे जाऊ नये. "दोन मिनिटं, बाबा."

बाबा गरीब स्वभावाचे. पुन्हा हाक मारली नाही. खाट करकरली, काठी टेकल्याचा आवाज आला, आणि मग स्वयंपाकघरात आधी स्टीलचा तांब्या पडला आणि मागोमाग माणूस. हे दोन आवाज वेगळे असतात. मला कळले, तिलाही कळले.

"बाबा?"

तांब्या अजून घरंगळत होता.

ती उभी राहिली. नियम तिला पाठ होता. मी तिच्या कानाला होतो, तिची नस माझ्या गादीवर ठोके देत होती. मग ती पलीकडच्या बाईला म्हणाली, "ऐका. माझे वडील पडलेत. मला जावं लागतंय. लाइन चालूच आहे, मेकॅनिक जवळ आलाय."

"जा, जा," ती बाई म्हणाली. "मी थांबते. मी कुठे जाणार?"

मला टेबलावर टाकून ती धावली. मी उताणा पडलो. एका अंगाने मला स्वयंपाकघर ऐकू येत होतं, "बाबा, हलू नका, पाय तसाच ठेवा," आणि दुसऱ्या अंगाने अंधारातली ती बाई. माझा माइक उघडाच होता. लेकीची ती हाकाटी, ती अनोळखी भाषा, सगळं पलीकडे जात होतं. थोड्या वेळाने ती बाई हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही इथल्या नाहीच का? मीही नाही." मग म्हणाली, "माझी आईसुद्धा लांब आहे. शेजारीण बघते तिला." कुणी ऐकत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी बोलत होती. मी ऐकत होतो, पण माझं ऐकणं काय कामाचं?

मेकॅनिक आला. ठोकाठोक झाली, दार उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर पडली असेल म्हणतो, तोच पुन्हा जवळ येऊन तिने विचारलं, "बाई, वडील कसे आहेत?" उत्तराची वाट पाहिली. मग बादली उचलल्याचा आवाज. तोवर आमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं जिन्यावर आली होती.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. भाऊ मिळेल त्या गाडीने आला. मी खिळ्याला होतो.

"तू घरीच होतीस ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे?"

"दादा, मी कामावर होते. इथून बाबांच्या खाटेपर्यंत पंधरा पावलं असतील, पण मी कामावर होते. तुला ऑफिसात असताना बाबांनी हाक मारली असती, तर ऐकू आली असती का?"

त्याने खुर्ची ओढली. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू फोन घेतेस मधूनमधून."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात त्राण लागतं.

आठवड्याने तिकडच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. इतकी वर्षं एकत्र काम करून दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही लाइन सोडलीत. मला नोंद करावी लागेल."

"करा."

"आणि रजेसाठी डॉक्टरांचा दाखला लागेल. आमच्या भाषेत."

"देते."

सुपरवायझर बाई घुटमळल्या. "मी रेकॉर्डिंग ऐकलं. पूर्ण ऐकावं लागतं. त्या बाईने जाताना तुमच्या वडिलांची चौकशी केली होती. तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून सांगतेय." मग त्यांनी विचारलं, "कसे आहेत ते?"

 माझ्यात नुसता हिचा श्वास आला. शेवटी म्हणाली, "आहेत. भिंतीला धरून उभे राहतात."

दाखल्याचं भाषांतर तिने स्वतःच केलं. दार, बटण, तार, मजला, वजन, सगळे शब्द तिला येत होते. खुब्याच्या हाडाला तिकडे काय म्हणतात हे कधी लागलं नव्हतं. बाबांचं वय, बाबांचं दुखणं एकेक शब्द शोधून परक्या भाषेत लिहिताना ती मोठ्याने वाचत होती. मधेच थांबली आणि नाक ओढलं. मग पुढचा शब्द.

नोंद झाली, नोकरी राहिली. भाऊ आता दर महिन्याला येऊन काही दिवस राहतो आणि तेवढे दिवस बाबांचं सगळं बघतो. पहाटेचं उठणं मात्र तेच, माणसं तीच कोंडलेली. मी थकलो. डावा कान मुका झाला, उजव्यात खरखर आली, गादीचे काळे पापुद्रे तिच्या केसांत अडकू लागले. कंपनीने नवा पाठवला. तो चांगला आहे, बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही म्हणे. तिने त्याची ती सोय बंद करून ठेवली आहे.

मला टाकणार होते. पण बाबांच्या रेडिओत माझी पिन बसली. आता मी त्यांच्या उशाशी असतो. एका कानाने बातम्या ऐकतात, दुसऱ्याने घर.

आज दुपारी काम संपवून ती या खोलीत आली. "जरा पाठ टेकते," म्हणाली आणि खाटेजवळ जमिनीवरच आडवी झाली. बाबांनी काही विचारलं, तर "हं"सुद्धा आला नाही. श्वास संथ झाला होता. तेव्हा बाबांनी हात लांब करून, चाचपडत, रेडिओचा आवाज कमी केला. तो आवाज माझ्यातून फक्त त्यांच्याच कानात जात होता. तिला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी तो कमी केला, मग आणखी कमी केला, आता मला स्वतःला काही ऐकू येत नाही.

मीही थांबतो. तुमचं काही काम असेल तर नंतर या. बेल वाजवू नका.